निवृत्तीनंतरचे दिवस: आठवड्याची घडी, डोळ्याचं ऑपरेशन आणि घरी येणारे मित्र

नोकरीत असताना बहुतेक गोष्टींना तारीख लावून मिळते. बैठक, सुट्टी, पगार, बदली, सगळं दुसरं कोणीतरी ठरवतं आणि आपण त्याभोवती बाकीचं बसवतो. निवृत्त झाल्यावर तारखा लावणारं कोणी उरत नाही. मग दोन गोष्टी हमखास लांबतात. एक म्हणजे डॉक्टरकडे जाणं, कारण 'आता काय, कधीही जाता येईल'. दुसरी म्हणजे मित्रांना बोलावणं, कारण 'या एकदा निवांत'. दोन्ही वाक्यांत तारीख नाही, म्हणून दोन्ही गोष्टी होत नाहीत.

नुकतेच निवृत्त झालेल्या किंवा होऊ घातलेल्या मंडळींसाठी हे लिहितो आहे. यातला बराचसा भाग मोतीबिंदूच्या ऑपरेशनाबद्दल आहे. या वयात ते अनेकांच्या वाट्याला येतं आणि त्याची तयारी नीट केली तर ते खरोखर सुखाचं होतं. माझे दोन्ही डोळे झाले आहेत. पाहुणचाराचा भाग सोबत जोडला आहे, कारण या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत: ऑपरेशनाच्या दिवशी कोणीतरी बरोबर लागतं, नंतरच्या दिवसांत घरी कोणी आलं तर बरं वाटतं, आणि दिसायला लागल्यावर माणसांत मिसळण्याची हौसही परत येते.

पायरी पहिली: आठवड्याला दोन-तीन खुंट्या ठोका

पहिल्याच महिन्यात दिवस गच्च भरू नका. शिकवण्या, समित्या, प्रवास, नातवंडांची जबाबदारी, सगळ्याला एकदम 'हो' म्हटलं की पुन्हा नोकरीच लागते, फक्त रजा मागायची सोय राहत नाही. सुरुवातीला तीन गोष्टी पुरतात. उठायची ठरलेली वेळ. रोज घराबाहेर पडण्याचं एक निमित्त. आणि आठवड्यातला एक ठरलेला दिवस कामांचा: बँक, बिलं, औषधं, डॉक्टरांच्या वेळा, फोन करून उरकायच्या गोष्टी. हा कामांचा दिवस फार उपयोगी पडतो. बाकीचे सहा दिवस मनावर ओझं राहत नाही.

चौथी खुंटी माणसांची. आठवड्यातून एकदा तरी घराबाहेरच्या कोणाशी समोरासमोर बसून बोलणं झालं पाहिजे. ऑफिसातली माणसं रोज भेटत होती ती कामामुळे. काम संपलं की भेट ठरवावी लागते, आणि ती आपण ठरवायची असते. पलीकडचा माणूसही तुमच्या फोनची वाट पाहत असण्याची शक्यता खूप आहे.

घरात जोडीदार असेल तर एक बोलणं लवकर उरका: दिवसातला कोणता वेळ एकत्र आणि कोणता ज्याचा त्याचा. इतकी वर्षं दुपारचं घर एकाचं होतं, ते आता दोघांचं झालं आहे.

भिंतीवर मोठ्या अक्षरांचं कॅलेंडर लावा आणि जाड पेनाने लिहा. फोनमध्ये नोंद ठेवाच, पण भिंतीवरचं घरातल्या सगळ्यांना दिसतं.

पायरी दुसरी: डोळे तपासून घ्या, त्रास होत नसला तरी

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं नैसर्गिक भिंग गढूळ होणं. तो इतका सावकाश वाढतो की बिघाड जाणवत नाही, सवय होत जाते. म्हणून पुढच्या खुणांकडे लक्ष ठेवा. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपणं. वाचायला पूर्वीपेक्षा जास्त उजेड लागणं. पांढरं कापड पिवळसर दिसणं. चष्म्याचा नंबर पुन्हा पुन्हा बदलणं. एका डोळ्याने पाहताना एकाच दिव्याचे दोन-तीन दिवे दिसणं.

आणखी एक खूण फसवी आहे. काहींना उतारवयात अचानक चष्म्याशिवाय जवळचं वाचता येऊ लागतं आणि ते खूश होतात. भिंगाचा मधला भाग कडक आणि दाट होऊ लागला की डोळ्याचा नंबर उणे बाजूला सरकतो, त्यामुळे असं होतं. जवळचं सुधारतं तेव्हाच लांबचं बिघडत असतं. अशा वेळी आनंद पुढे ढकलून आधी तपासणी करून घ्यावी.

घरी एक साधी गोष्ट करून पाहा. एक डोळा तळहाताने झाका, दाबू नका, आणि लांबची पाटी वाचा. मग दुसरा झाका. दोन डोळ्यांत एवढा फरक असेल हे कित्येकांना तेव्हा पहिल्यांदा कळतं, कारण चांगला डोळा दुसऱ्याचं काम मुकाट्याने करत असतो.

तपासणी पूर्ण करून घ्या, म्हणजे नंबर, डोळ्याचा दाब आणि थेंब घालून बाहुली मोठी केल्यावर मागच्या पडद्याची तपासणी. काचबिंदू किंवा पडद्याचा आजार आहे का, हे ऑपरेशनाआधी समजायला हवं. नाहीतर भिंग उत्तम बसूनही दृष्टी अपेक्षेइतकी सुधारत नाही आणि दोष ऑपरेशनाला दिला जातो. थेंबांनंतर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड टोचतो. त्या दिवशी गाडी स्वतः चालवू नका, गॉगल बरोबर न्या.

'अजून पिकला नाही, पिकू द्या' हा सल्ला घरोघरी ऐकू येतो. तो जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनांच्या काळातला आहे. आता प्रश्न एवढाच विचारायचा: तुमची रोजची कामं अडताहेत का? अडत असतील तर वेळ आली. अडत नसतील तर डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने तपासत राहा. फार थांबून भिंग अगदी कडक झालं तर ते फोडणं अवघड जातं. थेंबांनी किंवा गोळ्यांनी मोतीबिंदू जात नाही. असं कोणी विकत असेल तर पैसे जपा.

ऑपरेशनात नेमकं काय होतं

हे माहीत असलं की भीती बरीच उतरते. डोळ्याच्या कडेला साधारण दोन-तीन मिलिमीटरचा छेद घेतात. भिंगाच्या पिशवीच्या पुढच्या बाजूला गोल खिडकी करतात, ध्वनिलहरींच्या कंपनांनी आतलं गढूळ भिंग फोडून शोषून घेतात आणि त्याच रिकाम्या पिशवीत घडी घातलेलं कृत्रिम भिंग सोडतात. ते आत उलगडतं. छेद एवढा लहान असतो की सहसा टाका लागत नाही. लोक सरसकट 'लेझरने काढला' म्हणतात, पण बहुतेक ऑपरेशनांत भिंग फोडण्याचं काम ध्वनिलहरी करतात.

यामागची दोन माणसं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. लंडनमधले डोळ्यांचे डॉक्टर हॅरॉल्ड रिडली यांनी पाहिलं की दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानाच्या आच्छादनाचे ॲक्रिलिकचे कपचे वैमानिकांच्या डोळ्यांत राहिले तरी डोळा त्यांना सहन करतो. त्यावरून त्यांनी १९४९ साली डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. तेव्हा सहकाऱ्यांचा कडाडून विरोध झाला. पुढे अमेरिकेतले डोळ्यांचे डॉक्टर चार्ल्स केलमन यांना दंतवैद्याच्या कंप पावणाऱ्या हत्यारावरून कल्पना सुचली आणि १९६७ साली त्यांनी ध्वनिलहरींची पद्धत आणली. आज माणूस सकाळी जाऊन दुपारी घरी परततो, तो या दोघांमुळे.

पायरी तिसरी: तुमचे डोळे दिवसभर काय करतात ते लिहून काढा

कोणतं भिंग बसवायचं हा निर्णय तुमच्याकडून मागितला जातो, आणि तो बऱ्याचदा काही मिनिटांत, पत्रकं समोर धरून मागितला जातो. माझ्या मते संपूर्ण तयारीतला हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे. म्हणून घरून लिहून न्या.

एक कागद घ्या आणि आठवडाभर नोंदी ठेवा. पुस्तक किती अंतरावर धरता? हाताच्या अंतरावर काय काय असतं: संगणक, ओटा, शिवणयंत्र, वाद्यासमोरची वही? लांबचं काय लागतं: गाडी चालवणं, रंगमंच, बसची पाटी, पक्षी? रात्री गाडी चालवता का? आणि शेवटचा प्रश्न: कोणत्या वेळी चष्मा लागला तर तुम्हाला मुळीच चालणार नाही, आणि कोणत्या वेळी चालेल?

आता भिंगांचे प्रकार. एककेंद्री भिंग एका अंतरावर स्वच्छ दाखवतं. बहुतेक लोक लांबचं निवडतात आणि वाचायला चष्मा लावतात. बुबुळाच्या वक्रतेत फरक असेल, म्हणजे तिरपा नंबर असेल, तर तो दुरुस्त करणारं टोरिक भिंग मिळतं. बहुकेंद्री भिंगात जवळचं आणि लांबचं दोन्ही बरंचसं चष्म्याविना दिसतं, पण उजेडाची वाटणी होते. अंधारात दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात आणि मंद प्रकाशात अक्षरं थोडी फिकी वाटतात. दृष्टीचा पल्ला वाढवणारी भिंगं या दोहोंच्या मधली: लांबचं आणि हाताच्या अंतरावरचं चांगलं, बारीक अक्षराला चष्मा. काचबिंदू किंवा पडद्याच्या मध्यभागी आजार असेल तर बहुकेंद्री भिंग सहसा टाळतात. महाग म्हणजे तुमच्यासाठी चांगलं, असं समीकरण इथे नाही. रात्री खूप गाडी चालवणाऱ्याला साधं एककेंद्री भिंगच जास्त समाधान देऊ शकतं.

आयुष्यभर उणे नंबरचा चष्मा असलेल्यांनी इथे थांबून विचार करावा. तुम्ही चष्मा काढून पुस्तक नाकाशी धरून वाचता, सुईत दोरा ओवता, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं लावता. दोन्ही डोळ्यांत लांबच्या अंतराचं भिंग बसवलं की ही जन्मभराची सोय जाते. लांबचं लखलखीत दिसेल, पण हातातलं पुस्तक चष्म्याविना धूसर. काहींना हे आवडतं, काही हळहळतात. तुम्ही डॉक्टरांना सांगू शकता की मला जवळचं विनाचष्मा ठेवायचं आहे, लांबसाठी मी चष्मा लावीन. हा पर्याय पूर्णपणे रास्त आहे, फक्त तो मागावा लागतो. एक डोळा लांबसाठी आणि एक जवळसाठी असंही करतात; ते मानवतं का हे आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून पाहता येतं.

मग येते मोजणी. डोळ्याची लांबी आणि बुबुळाची वक्रता मोजून भिंगाचा नंबर काढतात. प्रौढ माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २३ ते २४ मिलिमीटर असतो, आणि त्यात एका मिलिमीटरची चूक झाली तर नंबर अडीच ते तीनने चुकतो. म्हणून मोजणीच्या वेळी घाई नको. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर त्या मोजणीआधी काही दिवस, कडक प्रकारच्या असतील तर त्याहून जास्त काळ, बंद ठेवाव्या लागतात. नेमकं किती ते विचारा. डोळे कोरडे पडत असतील तर आधी त्यावर उपचार करून मग मोजणी करावी. पूर्वी नंबर घालवण्याचं लेझर ऑपरेशन झालं असेल तर ते आवर्जून सांगा आणि जुने कागद असतील तर न्या, कारण नेहमीची गणितं अशा डोळ्याला जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

पायरी चौथी: डॉक्टरांनी न विचारताही सांगायच्या गोष्टी

सगळ्या औषधांची यादी करा, मात्रेसकट. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेत असाल किंवा पूर्वी कधी घेतलं असेल तर ते ठळक लिहा. त्या औषधाने डोळ्यातला, बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सैल पडतो आणि ऑपरेशनात फडफडतो. आधी कळलं तर सर्जन तयारीने बसतात. औषध बंद करून फारसा फरक पडत नाही, म्हणून ते आपल्या मनाने सोडायचं नाही, नुसतं सांगायचं.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही स्वतः थांबवू नका. या ऑपरेशनासाठी ती अनेकदा चालूच ठेवतात, आणि थांबवण्याचा धोका हृदयाला किंवा मेंदूला असू शकतो. मधुमेह, रक्तदाब, औषधांची ॲलर्जी, डोळ्याला पूर्वी झालेली इजा, हे सगळं यादीत असू द्या. अर्धा तास उताणं पडून राहता येतं का? दम लागतो, खोकला येतो, मान थरथरते, पाठ धरते, असं काहीही असेल तर सांगायला संकोच करू नका. उशी, पलंगाचा कोन, भुलीचा प्रकार यांची सोय आधीपासून करता येते. कानाला यंत्र असेल तर ऑपरेशनाच्या वेळी ठेवायचं की काढायचं तेही विचारून घ्या.

पायरी पाचवी: तारीख धरताना

दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू असेल तर सहसा आधी एक, मग काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी दुसरा. मधल्या काळाचा विचार कोणी करत नाही. जुना नंबर मोठा असेल तर एक डोळा चष्म्याविना पाहतो, दुसऱ्याला जाड काच लागते, आणि दोन्ही एकत्र घातलं की गरगरतं. काहीजण झालेल्या डोळ्याची काच चष्म्यातून काढून घेतात, पण फरक मोठा असला तर तेही जमत नाही. दुसरा डोळा कधी होणार हे पहिल्याची तारीख घेतानाच विचारून ठेवा.

पुढचे चार-सहा आठवडे मोठा प्रवास, घरबांधणी, रंगकाम किंवा समारंभ नको. तुमच्यावर कोणी अवलंबून असेल, उदाहरणार्थ आजारी जोडीदार ज्यांना उठवून बसवावं लागतं, किंवा उचलून घ्यायच्या वयाचं नातवंड, तर पहिल्या काही दिवसांसाठी पर्यायी माणूस आत्ताच ठरवा. आणि ऑपरेशनाच्या दिवशी बरोबर कोण? एकटे राहत असाल तर मित्राला स्पष्ट विचारा: 'अमुक दिवशी सकाळी माझ्याबरोबर येशील का, आणि संध्याकाळपर्यंत घरी थांबशील का?' मोघम विचारलं की मोघम उत्तर येतं. विचारण्यात कमीपणा नाही. त्याची वेळ येईल तेव्हा तो तुम्हाला विचारेल.

पायरी सहावी: आदल्या आठवड्यात घर लावणं

थेंब घालण्याचा सराव आधी करा. ऑपरेशननंतर काही आठवडे दिवसातून अनेकदा थेंब घालायचे असतात, आणि ज्यांनी कधी घातलेले नाहीत त्यांचे पहिले थेंब गालावरच पडतात. डॉक्टरांची हरकत नसेल तर डोळ्यांच्या कोरडेपणासाठी मिळणाऱ्या साध्या थेंबांवर हात बसवा. हात धुवा. आडवे व्हा किंवा मान मागे टाका. खालची पापणी बोटाने हळूच ओढून छोटीशी खोबण करा. बाटलीचं टोक डोळ्याला किंवा पापणीला न लावता एक थेंब सोडा. मग डोळा अलगद मिटा आणि नाकाजवळच्या कोपऱ्याशी बोटाने एक-दोन मिनिटं हलका दाब ठेवा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. खूप उघडझाप करू नका. दोन वेगवेगळ्या थेंबांत किमान पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन टाकतो. ऑपरेशननंतर तो कोपऱ्यावरचा दाब कधीपासून द्यायचा, हे मात्र विचारून घ्या.

बाटल्या एकसारख्या दिसतात आणि तुमची नजर त्या दिवसांत भरवशाची नसते. एका बाटलीला एक रबर, दुसरीला दोन, किंवा वेगवेगळ्या रंगांची चिकटपट्टी लावा. मोठ्या अक्षरात तक्ता करा: आडव्या रांगेत वेळा, उभ्या रांगेत औषधं, घातला की फुली. फोनमध्ये गजर लावा.

घरात फिरून पाहा. रोजच्या वापरातलं सामान खालच्या फडताळातून कमरेच्या उंचीवर आणा. सटकणाऱ्या सतरंज्या गुंडाळून ठेवा. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर राहील असा मंद दिवा लावा. झाडलोट, कपाटं आवरणं, धूळ उडवणारं सगळं आधीच उरकून टाका. पुढून बटणं असलेले कपडे काढून ठेवा, कारण डोक्यावरून काढायचे कपडे डोळ्याला घासतात. फोनची अक्षरं मोठी करा, ऐकायची पुस्तकं किंवा गाणी जमवून ठेवा. दोन-तीन दिवस पुरेल असं खाणं करून ठेवता आलं तर उत्तम.

पायरी सातवी: तो दिवस

आदल्या दिवशी किंवा सकाळी डोक्यावरून नीट अंघोळ करून घ्या, कारण पुढे काही दिवस केस धुताना जपावं लागेल. चेहऱ्याला क्रीम, पावडर, काजळ काही नको. खाण्यापिण्याबद्दल आणि नेहमीच्या गोळ्यांबद्दल जे सांगितलं असेल तेच पाळा, शेजाऱ्यांना वेगळं सांगितलं असलं तरी.

तुमचं नाव आणि कोणता डोळा, हे तिथे पुन्हा पुन्हा विचारतील. कंटाळू नका. चुकीच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊ नये म्हणून ती काळजी आहे. दर वेळी पूर्ण उत्तर द्या, आणि कोणी विचारलं नाही तर आपण होऊन सांगा.

बहुतेकदा भूल फक्त डोळ्यापुरती असते, थेंबांनी किंवा इंजेक्शनने. तुम्ही जागे असता. प्रखर उजेड आणि हलते रंग दिसतात, यंत्राचे आवाज येतात, पाणी गालावरून ओघळतं. दुखणं अपेक्षित नाही. दुखलं तर बोला. खोकला किंवा शिंक येणार असं वाटलं तर आधी सांगा, ते हात थांबवतील. साधारण पंधरा मिनिटं ते अर्धा तास लागतो. मग डोळ्यावर झाकणी लावतात आणि थोड्या वेळाने घरी सोडतात. निघण्याआधी दोन गोष्टी हातात हव्यात: लेखी सूचना आणि रात्रीही उचलला जाईल असा फोन नंबर.

पायरी आठवी: पहिले दिवस

थोडं खुपणं, पाणी येणं, धूसर दिसणं, उजेड सहन न होणं हे पहिल्या एक-दोन दिवसांत चालतं. रंग मात्र चकित करतात. पिवळसर झालेलं जुनं भिंग निळा रंग अडवत होतं, ते गेल्यावर पांढरं खरोखर पांढरं आणि निळं गडद निळं दिसतं. झालेल्या आणि न झालेल्या डोळ्याने आळीपाळीने एकच वस्तू पाहा, फरक लगेच समजेल.

काय टाळायचं: डोळा चोळणं, नळाचं पाणी डोळ्यात जाणं, पोहणं, धूळ आणि धूर, जड उचलणं. रात्री झोपताना साधारण आठवडाभर झाकणी लावतात, कारण झोपेत हात कुठे जाईल सांगता येत नाही. वाचन आणि टीव्ही यांनी डोळा बिघडत नाही. डोळे थकले की थांबा, एवढंच. गाडी डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. वाकणं आणि व्यायाम यांबाबत सूचना वेगवेगळ्या असतात, तुमच्या कागदावर जे आहे ते पाळा. डोळा स्वच्छ दिसू लागला म्हणून थेंब मध्येच सोडू नका. ते आतली सूज उतरवण्यासाठी असतात.

पुढच्यापैकी काहीही झालं तर त्याच दिवशी, त्याच तासाला फोन करा: वाढत जाणारं दुखणं, वाढता लालसरपणा, सुधारलेली नजर पुन्हा घसरणं, डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखे झोत, अचानक खूप काळे ठिपके, किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं दिसणं. जंतुसंसर्ग विरळा होतो, पण झाला तर तासातासाने नुकसान करतो. 'उद्या सकाळी बघू' हा विचार इथे चालत नाही. हा परिच्छेद मोठ्या अक्षरात लिहून फोनशेजारी चिकटवा.

पायरी नववी: मित्रांना बोलावणं

पहिल्या आठवड्यात भेटायला येणारे येऊ देत, पण एका वेळी एक-दोन, आणि थोडा वेळ. सर्दी झालेल्याला किंवा डोळे आलेल्याला मोकळेपणाने 'पुढच्या आठवड्यात ये' म्हणा. येणाऱ्याला काम द्या. आलेली पत्रं वाचून दाखव, तक्त्यात फुली मार, चल जरा फिरून येऊ. नुसतं समोर बसून तब्येतीची चौकशी करण्यापेक्षा हे दोघांनाही सोपं जातं.

चार-सहा आठवड्यांनी, डोळा स्थिरावला की, खरी बैठक ठरवा. काही गोष्टी अनुभवाने पटल्या आहेत.

वेळ दिवसाची ठेवा. आपल्या वयाच्या मित्रांपैकी अनेकांना रात्री गाडी चालवताना त्रास होतो. काहींना तो मोतीबिंदूमुळेच होतो आणि ते बोलून दाखवत नाहीत, येणं टाळतात. सकाळी उशिरा किंवा दुपारी बोलावलं की अशी मंडळी हमखास येतात. कोण कोणाला गाडीतून आणणार हेही निमंत्रणातच जुळवून द्या.

निमंत्रणात सुरुवातीबरोबर शेवटची वेळही सांगा. 'अकरा ते दोन' म्हटलं की कोणाला अवघडल्यासारखं होत नाही, औषधाची वेळ चुकत नाही आणि तुम्हालाही दुपारी पाठ टेकता येते.

चार ते सहा माणसं हा आकडा मला सर्वांत सुखाचा वाटतो. एकच संभाषण चालतं आणि कोणी कोपऱ्यात पडत नाही. ज्याला कमी ऐकू येतं त्याला मध्ये बसवा, पाठीमागे भिंत असू द्या, आणि मागे टीव्ही किंवा गाणी लावू नका. खिडकीकडे पाठ करून बसणाऱ्याचा चेहरा समोरच्याला काळा दिसतो, म्हणून खुर्च्या अशा मांडा की उजेड चेहऱ्यांवर पडेल. ओठ दिसले की ऐकणंही सोपं जातं. दाराची पायरी, न्हाणीघराची वाट, तिथलं दिव्याचं बटण हे आल्या आल्या दाखवून द्या.

स्वयंपाकघरात अडकू नका. आधी करून ठेवता येईल असं साधं काहीतरी ठेवा, आणि कोणी 'मी काय आणू?' विचारलं तर 'काही नको' न म्हणता नेमकी एक गोष्ट सांगा. आणणाऱ्याला घरचं झाल्यासारखं वाटतं. यजमान बसलेला असला की पाहुणे निवांत होतात.

आजारांचं बोलणं निघणारच आणि निघावं. त्यातून उपयोगी माहिती मिळते. पण तेवढ्यावरच दुपार गेली तर सगळे थकून घरी जातात. एखादी गोष्ट मध्ये ठेवा: जुने फोटो, पत्ते, एखादं वाद्य, कोणाचं अर्धवट राहिलेलं लिखाण. जोडीदार गेल्यापासून एकटे राहणारे कोणी ओळखीत असतील तर त्यांना आधी फोन करा. जोडप्यांच्या घोळक्यात ते संकोचतात, म्हणून त्यांच्यासारखं आणखी एक माणूस तरी असेल असं पाहा.

मुक्कामाला येणाऱ्यांची गोष्ट वेगळी. येण्याची आणि जाण्याची तारीख आधी बोलून घ्या, घराची किल्ली द्या, आणि तुमची फिरण्याची, झोपण्याची वेळ सांगून टाका. दिवसभर करमणूक करण्याची जबाबदारी घेऊ नका. सकाळी सगळे एकत्र, दुपारी ज्याचं त्याचं, संध्याकाळी पुन्हा एकत्र, ही विभागणी दोन्हीकडच्यांना मानवते.

पांगण्याआधी पुढची तारीख ठरवा. सगळे समोर असताना ते दोन मिनिटांचं काम आहे. नंतर फोनाफोनीत आठवडे जातात.

शेवटचे कागद

चष्म्याचा नवा नंबर साधारण चार ते सहा आठवड्यांनी काढतात. त्याआधी घाईने महागडा चष्मा करू नका. तोवर गरज पडली तर वाचायला साधा तयार चष्मा चालतो का ते विचारा. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर वाटू लागलं तर 'मोतीबिंदू परत आला' असं समजू नका. भिंग ज्या पिशवीत बसवलं आहे तिची मागची बाजू काहींच्या डोळ्यात गढूळ होते. लेझरने तिला मध्यभागी छोटी खिडकी पाडतात. हे काम काही मिनिटांचं, बाह्यरुग्ण विभागात होणारं. वर्षातून एकदा डोळ्याचा दाब आणि पडदा तपासून घेणं मात्र चालू राहू द्या.

ऑपरेशननंतर तुम्हाला बसवलेल्या भिंगाचं कार्ड मिळतं. त्यावर भिंगाचं नाव, नंबर आणि कोणता डोळा हे लिहिलेलं असतं. दोन्ही कार्डांचे फोटो काढून घरातल्या दुसऱ्या एका माणसाला पाठवा आणि मूळ कार्डं भिंगाच्या मोजणीच्या कागदांसोबत एकाच फायलीत ठेवा. उरलेले थेंब टाकून द्या, दुसऱ्या डोळ्यासाठी नवी बाटली फोडा.